पुलावरचं लेझीम

"पुलावर लेझीम नको," उद्घाटनाच्या सकाळी इंजिनिअर मृण्मयी म्हणाली आणि शाळेतल्या मुलींचे चेहरे उतरले. लोखंडी दोरांवर टांगलेल्या या पुलाचं गणित तिनंच मांडलं होतं. ठेक्यावर सगळ्यांची पावलं एकदम पडली, तर दर पावलाला पुलाचा झोका वाढतच जाणार होता.

"महिनाभर घाम गाळलाय हो पोरींनी!" मुलींना लेझीम शिकवणाऱ्या गावडेबाई कळवळल्या.

मृण्मयीनं तिथंच बसून पुन्हा आकडेमोड केली. "ठेका अगदी संथ धरा. मग पुलाच्या झोक्याशी जुळणार नाही."

"सवय नाही. चुकतील."

"चुकू देत. पुलाला ते बरंच."

मुली निघाल्या. कुणी पुढं, कुणी मागं, हसू आवरेना. पलीकडच्या टोकाशी कठडा घट्ट धरून मृण्मयी उभी होती. पूल किंचित थरथरला, इतकंच.

पलीकडे पोचल्यावर गावडेबाई हिरमुसून म्हणाल्या, "पार विस्कटलं हो सगळं!"

"फार छान विस्कटलं, बाई," म्हणत मृण्मयीनं त्यांना मिठीच मारली.