किन खाव रू यांग?

उकडलेली अंडी. गिटारची तुटलेली तार. मोबाईलवरचे थायी धडे. पन्हाळ्यावर, चर्चच्या युवक शिबिरात शलमोनच्या वाट्याला एवढंच आलं होतं. बँकॉकच्या निरनशी दोस्ती करायची म्हणून तो एकच थायी वाक्य घोकून आला होता, “किन खाव रू यांग?” सूर दरवेळी चुकायचा. निरन गोंधळायचा आणि उलट विचारायचा, “चेवला का?” हे थायी कुठल्याच धड्यात सापडेना. निघताना पाठीवर सॅक टाकून निरन पुन्हा जवळ आला, “चेवला का?” “जा की लेका! तुझं थायी तुलाच लखलाभ!” शलमोननं पाठ फिरवली. निरन बसमध्ये चढला. शिबिराला सोबत आलेली धाकटी बहीण एस्तेर खवळली, “आरं दाद्या, त्यो मराठीत ‘जेवला का’ इचारतोय की!” शलमोनच्या थायी वाक्याचाही अर्थ तोच होता. बस घाट उतरू लागली. पहिल्या दिवशी शिबिरात पोचून एकमेकांना हेच विचारलं, तेव्हा शलमोन आणि निरन दोघंही उपाशी होते.