सायरबाईंचं व्याज

"बाई, हे पैसे तुमचे की शेठजींचे?" जळगावच्या आयकर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"माझे," सायरबाई म्हणाल्या.

अमळनेरहून गाडीत बसल्यापासून कांतीलालशेठनी हेच तर घोकवून घेतलं होतं. पैसे बायकोचे ठरले तर व्याजही तिचं, आणि तेवढ्याशा व्याजावर कर छदाम नाही. नवऱ्याचे ठरले की झालं! सगळं व्याज त्याच्या उत्पन्नात, वर दंड, तोही चार वर्षांचा. आता शेठ शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर फिरवत बसले होते. मध्ये तोंड घालायचं नाही, असा साहेबांचा दम होता.

"आणले कुठून?"

"माहेरचं सोनं मोडलं. पाऊणशे तोळे."

ह्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी डबा काढून दिला होता आणि शेठ तो मोडून आले होते. पुढे त्या पैशांचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. विचारायची घरात पद्धतच नव्हती.

"व्याजाने कोणाला दिले?"

"सावद्याला, केळीच्या व्यापाऱ्याला." नाव आठवेना. मग आठवलं. "पितांबरशेठना."

शेठच्या जिवात जीव आला. साहेबही माणूस भला. कागद ओढून भराभर वाचू लागले, "पासष्ट साली व्याज आलं हजार. सहासष्टला काहीच नाही. सदुसष्टच्या एप्रिलात मागचं धरून एकदम दोन हजार. पावत्यांवर सह्या तुमच्याच ना?"

सह्या त्यांच्याच होत्या. शेठ कागद पुढे करायचे, त्या सही करायच्या. आता नुसती मान हलवायची बाकी होती.

सदुसष्टच्या जूनमध्ये त्यांची कुसुम गेली. नऊ वर्षांची पोर. काळजात दोष आहे, मुंबईला न्या, दीडेक हजार लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. हात अडकलाय, दिवाळीनंतर बघू, असं शेठ म्हणाले होते.

आता रडू फुटेल, असं बाईंना वाटलं. फुटलं नाही. आत काही हललंसुद्धा नाही.

"बाई? हो म्हणा, म्हणजे मी हे प्रकरण मिटवतो."

टेबलाखाली शेठनी त्यांचा पाय दाबला.

परक्या पुरुषासमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत सायरबाईंनी जन्मभर पाळली होती. त्यांनी डोळ्यांवर आलेला पदर मागे सारला, शेठकडे वळल्या आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं,

"अहो, कुसुम होती तेव्हा माझ्याजवळ दोन हजार रुपये होते?"