एका प्लगवर दोघी

"अब्बा, थांबा!" हादियाने बापाच्या हातातून प्लग अक्षरशः हिसकावून घेतला.

हमझा उखडलाच. सुट्टी संपली होती, संध्याकाळी सौदीला, दम्मामला परत निघायचं होतं, आणि बॅगेच्या तळाशी जपून आणलेली भेट आज कुठे खोक्यातून बाहेर निघत होती. गुडघे शेकायच्या विजेवरच्या दोन गाद्या. एक आईला, हव्वाबीला. दुसरी चाचीला, रुकय्याबीला. दोघी जावा, दोघींचे गुडघे कामातून गेलेले, दोघी खुर्चीवर बसून नमाज पढायच्या. पण पनवेलच्या त्या लहानशा घरात आता दोन चुली होत्या. दार कुणी उघडं टाकलं आणि वाळत घातलेले कोळंबीचे सोडे मांजराने कुणामुळे नेले, यावरून दोघींनी अबोला धरला तो धरलाच. दोघींना एकत्र बसवून भेट द्यायची, या आशेवर हमझाने अख्खी सुट्टी काढली होती. दोघी बसल्या नाहीत.

"हे तिकडचं आहे अब्बा. एकशे सत्तावीस व्होल्टचं. आपल्याकडे दोनशे तीस येतात."

"तिकडे चालतं ते हितं का नाय चालणार? मी लावून बघितलंय रूमवर."

दहावीतल्या मुलीपुढे असले प्रश्न टाकू नयेत. हादियाने पेन्सिल काढली आणि खोक्याच्या पाठीवरच मांडणी सुरू केली.

"हे बघा. गादीवर लिहिलंय, एकशे सत्तावीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स. दोनशे चोपन्न ओहम. गुणलं की पॉवर. साडेत्रेसष्ट वॅट, एका बल्बाइतकी. आता आतली तार तीच, म्हणजे रेझिस्टन्स तोच. पण आपल्या प्लगात दोनशे तीस. मग पॉवर होते दोनशे आठ वॅट. सव्वातीन पट."

"म्हणजे जास्त गरम. बरंच की."

"दादी भाजेल, अब्बा."

हमझा पलंगावर बसला. ट्रान्सफॉर्मर लागेल, असं हादिया म्हणाली. पण तो आता कुठून आणायचा? गाडी सांगून ठेवलेली.

"राहू दे रे," पलंगाच्या टोकाला बसलेली हव्वाबी म्हणाली. "इतकी वर्सं दुखतायत, दुखू देत."

"माझी पण राहू दे," पलीकडच्या खोलीतून आवाज आला. म्हणजे रुकय्याबीने सगळं ऐकलं होतं. हमझाला रडू यायचंच काय ते बाकी होतं. पुढच्या सुट्टीपर्यंत या दोघी असतील की नाही, हा विचार त्याच्या मनात रोज यायचा आणि रोज तो झटकून टाकायचा.

हादिया दोन्ही गाद्यांकडे बघत होती.

"दोन आहेत ना? मग एकीला दुसरी जोडायची. करंट आधी हिच्यातून, मग तिच्यातून. रेझिस्टन्सची बेरीज होते, पाचशे आठ. व्होल्ट निम्मे निम्मे वाटले जातात, एकशे पंधरा. प्रत्येकीला बावन्न वॅट. थोडी मंद तापेल, पण चालेल." तिने पेन्सिल खाली ठेवली. "फक्त दोघींनी एकाच वेळी लावायची. एकीने बंद केली की दुसरीची पण बंद."

"असलं कसलं जोडणं?" हव्वाबी म्हणाली. मग गुडघ्यावरून हात फिरवत, "बरं, वायर लांब घे. तिच्या खोलीत जायला हवी."

हमझाने ड्रॉवर उघडला. आत वायरीचं अख्खं भेंडोळं होतं. त्याने ते क्षणभर पाहिलं.

"वायर नाय, अम्मा," तो म्हणाला आणि ड्रॉवर लावून टाकला. हादियाने तोंड उघडलं आणि मिटलं.

पकड आणि चिकटपट्टी घेऊन त्याने जोडणी केली. हादियाने प्रत्येक जोड तपासला. रुकय्याबी भिंतीला धरत आली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. दोघींनी एकमेकींकडे पाठ केली, म्हणजे गुडघे परवानगी देतील तितकी. हादियाने बटण दाबलं.

गाद्या हळूहळू तापू लागल्या.

"हिची तापली का गो?" रुकय्याबीने भिंतीला विचारलं.

"तापली तर दोघींची तापते," हादिया म्हणाली.

गाडीचा हॉर्न वाजला. हमझाने बॅगा बाहेर नेल्या आणि निरोप घ्यायला परत आला. हव्वाबीचे गुडघे केव्हाच शेकून झाले होते, आता चटका बसू लागला होता. गादी बंद करायला तिने बटणाकडे हात नेला, आणि सहज मान वळवली. रुकय्याबीचं डोकं भिंतीला टेकलं होतं, तोंड उघडं पडलं होतं. हव्वाबीने हात मागे घेतला. गादी गुडघ्यावरून सरकवून पोटरीवर ठेवली.

"अम्मा, पोचलो की ट्रान्सफॉर्मरची सोय करतो," हमझा मोठ्याने म्हणाला. "दोन पाठवतो. मग तुझी तुला, तिची तिला."

"हळू बोल," हव्वाबी म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."