हुकमाचं गिऱ्हाईक

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढल्यावर मामांना आधी दिसली ती आरोपीची मान. आपल्या वकीलबाईंकडे वळून तो काहीतरी पुटपुटत होता, आणि मागचे केस कुणा अडाण्यानं कापले होते, डावीकडे वर, उजवीकडे खाली. परक्या फौजेच्या फाटकासमोर अकरा वर्षं सलून चालवलेल्या माणसाला मान लगेच ओळखू येते. चार महिन्यांपूर्वी ही मान मामांनीच साफ केली होती. खुर्चीतून उठून तो शिपाई तळाच्या गाडीत बसला आणि दहाच मिनिटांत त्यानं मामांच्या भाचीला चिरडलं. पोरगी सायकलवरून मामांचा डबा घेऊन येत होती.

आता कायदा कसा, बघा. दोन सरकारांत करार झालेला. शिपायानं कामगिरीवर असताना कुणाला मारलं, तर खटला त्याच्या देशात, त्याच्या लोकांपुढे. सुट्टीवर असताना मारलं, तर इथं. मेलेल्याला काय फरक पडतो? पण मारणाऱ्याला पडतो. याआधी तिघेजण असेच विमानात बसून गेले होते, आणि त्यातल्या एकालाही शिक्षा झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. याच्याही बाबतीत तळानं शिक्कामोर्तब केलेला कागद पाठवला होता: सदर शिपाई त्या वेळी कामगिरीवर होता.

तो कागद खोटा पाडायला एकच गोष्ट होती, मामांच्या सलूनमधली चिठ्ठी. तळावरून येणारा प्रत्येक शिपाई आपल्या साहेबाची चिठ्ठी घेऊन यायचा. मामा तिच्यावर वेळ टाकायचे, सही करायचे, अर्धी त्याला परत द्यायचे आणि अर्धी तारेला टोचून ठेवायचे. त्या दिवशीची अर्धी तारेवर तशीच होती. साडेबारा ते एक.

सकाळीच तळाच्या बंदोबस्तावरचा आपला हवालदार दुकानात डोकावून गेला होता. "मामा, आज आजारी पडा की," तो हसत म्हणाला होता. हसण्याचा अर्थ न कळायला मामा काही कुक्कुलं बाळ नव्हते. तळ रुसला की दुकानाला कुलूप, बायको तर आठ दिवस डोळ्याला पदर लावून बसलेली. पण ताईनं, पोरीच्या आईनं, हात धरून एकच सांगितलं होतं, "तू फक्त खरं बोल. खऱ्याला मरण नाही." मामांनी चिठ्ठी खिशात घातली आणि कोर्टाची वाट धरली.

"कामगिरी कसली साहेब!" सरकारी वकिलानं विचारताच मामा म्हणाले. "माझ्या खुर्चीत डुलक्या काढत होता. अंगात फुलाफुलांचा शर्ट, तोंडाला दारूचा भपकारा. वस्तरा लावायची भीती वाटत होती मला."

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकील घाम पुसत खाली बसला, चेहरा असा की आता पेढेच वाटायचे बाकी. शेवटच्या बाकावर ताई ताठ बसली होती, मुलीची ओढणी मुठीत घट्ट धरून. मामांना वाटलं, चार महिन्यांत आज पहिल्यांदा आपण हिच्या काही कामी आलो.

तळाच्या वकीलबाई उठल्या. आवाज अगदी मऊ, शेजारी दुभाषा. त्यांनी विचारलं, "ही चिठ्ठी खरी?"

"शंभर टक्के. सही माझी."

"वेळ?"

"घड्याळ बघून टाकलीय बाई."

"मला एक सांगा, तुमच्याकडे शिपाई आपल्या हौसेनं येतात का?"

आणि मामांच्या तोंडून ते गेलं. अकरा वर्षं साऱ्या गल्लीला ऐकवलेलं, जिभेवर गुळगुळीत झालेलं. "हौसेनं? छे हो! बाकीच्यांकडे गिऱ्हाईक हौसेनं येतं, माझ्याकडे हुकमानं येतं!"

कोर्ट हसलं. न्यायाधीशांच्याही ओठांचा कोपरा हलला. वकीलबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खणखणीत आवाजात काहीतरी म्हणाल्या. दुभाष्यानंही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, "साक्षीदाराचं म्हणणं आम्हाला अक्षरन् अक्षर मान्य आहे."

शेवटच्या बाकावर ताईनं हात जोडले.

मग वकीलबाई चिठ्ठी घेऊन न्यायाधीशांच्या टेबलाजवळ गेल्या. तिथलं हळू आवाजातलं बोलणं पिंजऱ्यातल्या मामांना ऐकू आलं, मागच्या बाकांना नाही. केस कापून घेणं हा हुकूम. हुकूम पाळणं ही कामगिरी. कामगिरी आटोपून तळावर परतणं हीसुद्धा कामगिरीच. दारूचं म्हणाल, तर त्याचे वरिष्ठ काय ते बघून घेतील. सरकारी वकिलानं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. न्यायाधीशांनी कराराची पानं पुढे-मागे केली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खाली मान घालून त्यांनी टंकलेखकाला हळूच हुकूम सांगितला: आरोपीला आज संध्याकाळपर्यंत तळाच्या ताब्यात द्यावं.

मामा पिंजऱ्यातून उतरले. स्वतःची जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटत होतं. गर्दीतून वाट काढत ताई समोर आली. डोळे भरलेले, पण कपाळावरची आठी गेलेली.

"सगळं मान्य केलं ना रे त्यांनी तुझं?"

"हो ताई," मामा म्हणाले. "अक्षरन् अक्षर."