पाटीवरचा शब्द

"अहो, आमच्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड!" पहिल्या बैठकीत मी असं म्हणाले, तेव्हा नेपाळचे पौडेल सर पोट धरून हसले होते. पाटीवर लिहिलं होतं, 'भारत-नेपाळ सीमा शिक्षा समिती'. हिंदीत आणि नेपाळीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

आजच्या बैठकीत विषय एकच होता: नदीपलीकडे, नेपाळात शिकलेल्या मुलांना इकडे, भारतात पुढच्या वर्गात घ्यायचं की नाही. दाराबाहेर रंजीता आईचा पदर धरून उभी होती. पोरगी पलीकडे सातवी पास झालेली. पण इथली शाळा तिथला दाखला मानत नाही, म्हणून तिला पाचवीत बसवलंय. बाकाखाली तिचे पायसुद्धा मावत नाहीत.

चर्चा मात्र पाटीवरच अडली. 'भारत-नेपाळ'च का, 'नेपाळ-भारत' का नाही? जेवणं झाली, चहा झाला, तरी तेच. माझं डोकं फिरलं, पण ऐकतंय कोण! अखेर ठरलं, नवी पाटी करायची, एका बाजूला भारत आधी, दुसऱ्या बाजूला नेपाळ आधी. टाळ्या वाजल्या. रंजीताचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

बाहेर आल्यावर तिच्या आईने विचारलं, "मॅडम, म्हणजे अजून पाचवीच?"

मी मान खाली घातली. पौडेल सर ओशाळून म्हणाले, "पाटी बदलतेच आहे, तर तुम्हाला खटकणारा तो शब्दही बदलून घेऊ या का?"

"नको," मी म्हणाले. "त्या पाटीवर तेवढं एकच खरं लिहिलंय."