परत आलेला स्वेटर

“पुढाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस,” लग्नाआधी ताईने बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. ताईचा नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिचं मूल ठेवून घेतलं. “कायदा त्यांच्या बाजूने आहे, मी काय करणार?” माझा आमदार नवरा म्हणाला. ताई माझ्या लेकाच्या मापाने आपल्या मुलासाठी स्वेटर विणते. तिकडून दरवेळी परत येतो. काल माझ्या नवऱ्याचं भाषण होतं, आईला मुलावर हक्क देणाऱ्या येऊ घातलेल्या कायद्याविरुद्ध. ऐन सभेत घसा बसला. “तू वाच,” त्याने खुणावलं. परत आलेला स्वेटर घातलेल्या लेकाला कडेवर घेऊन मी उठले. “साहेबांचा या कायद्याला पाठिंबा आहे!” टाळ्या कडाडल्या, वार्ताहरांनी लिहून घेतलं. त्याला आवाज फुटेना. “घशाला जपा हो,” मी पाणी पुढे केलं. तुमच्या ओळखीत कुणी ताईसारखी विणणारी असेल, तर आजच तिच्याकडे जाऊन या.