गुंगीत काय बोललो

"डॉक्टर, गुंगीत माणूस बोलतो का हो?"

धनेशनं मागच्या खेपेलाही हेच विचारलं होतं. डॉक्टर हातमोजे चढवता चढवता हसले. "काही जण बडबडतात. आम्ही लक्ष देत नाही."

"नुसती जागा बधिर करून नाही का जमणार?"

"मागच्या वेळी त्यासाठीच बसवलं होतं ना तुम्हाला? सुई बघून खुर्चीतून उठून गेलात. दोन्हीकडच्या अक्कलदाढा आडव्या आहेत. गुंगीत काढलेल्याच बऱ्या."

त्याची बायको वर्षाली पिशवी धरून दाराशी उभी होती. "अहो, मी आहे ना," ती म्हणाली. "नीट जागे होईपर्यंत शेजारीच बसते."

नेमकी त्याचीच त्याला भीती होती.

धनेश चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये शिफ्ट इन्चार्ज होता. वर्षालीच्या धाकट्या भावाला, ज्योतीरामला, त्यानंच लातूरकडून आणून तिथं मशीनवर लावलं होतं. गेल्या वर्षी प्रेसखाली ज्योतीरामच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद होता. तो ज्योतीरामनंच बंद केला, असं चौकशीत ठरलं आणि कंपनीनं त्याला काढून टाकलं. आता तो मोशीत एका सोसायटीच्या गेटवर बसायचा.

वर्षालीनं हे कधीच मान्य केलं नव्हतं. भाकरी थापता थापता ती मध्येच म्हणायची, "ज्यानं माझ्या भावाच्या माथी हे मारलं, तो एकदा कळू दे मला. मातीत घालीन त्याला."

धनेश ताटावरून नजर न उचलता जेवायचा.

हाताच्या शिरेत सुई टोचली. उघड्या तोंडानं गप्प कसं राहायचं, याचा विचार करता करताच त्याला गुंगी आली.

जाग आली तेव्हा तोंडात कापसाचे बोळे होते. दोन नर्स त्याच्याकडे बघून कुजबुजत होत्या. त्याचे डोळे उघडलेले दिसताच गप्प झाल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. वर्षाली दारापाशी पाठ करून उभी होती.

रिक्षात ती पिशवी मध्ये ठेवून कडेला बसली. चाकण चौकात रिक्षा अडकली तेव्हा त्यानं हातानंच विचारलं, काय झालं?

"मलाच विचारताय?" ती बाहेर बघत म्हणाली. "चार लोकांत मान खाली घालायला लावलीत."

धनेशनं हात मागे घेतला.

थंड आणि मऊ खा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दिवशी तिनं दहीभात दिला, पण ताट आदळून. दुसऱ्या दिवशी ताटात कडक भाकरी आली, वाफाळती आमटी आली आणि शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा.

"डॉक्टरांनी थंड सांगितलंय," गाल धरून तो कसाबसा म्हणाला.

"ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं खा."

त्यानं आमटीचा घोट घेतला. टाक्यांवर निखारा ठेवल्यासारखं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. वर्षाली समोर बसून शांतपणे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिची अशी नजर त्यानं कधी पाहिली नव्हती.

"वर्षा, मी काय बोललो गं?"

"जे पोटात होतं तेच बोललात. इतकी वर्षं तोंडावर गोड आणि मनात हे! मला कळलंसुद्धा नाही."

मग तो कंपनीत जाऊ लागला. कोणी आपल्याकडे नुसतं बघितलं तरी त्याला वाटायचं, हिनं फोन केला असणार. घरी आला की ताटात तोच ठेचा. सुजलेला गाल घेऊन तो मुकाट्यानं गिळायचा. आपल्याला हे मिळायलाच हवं, असं त्याला आता वाटू लागलं होतं.

शनिवारी ती म्हणाली, "उद्या ज्योतीला जेवायला बोलावलंय. त्याच्यासमोरच होऊन जाऊ दे काय ते."

रविवारी ज्योतीराम आला. "दाजी, दाढेला आराम हाय का?" त्यानं हसून विचारलं. धनेशला त्याच्याकडे बघवेना. तिघं जेवायला बसली. ज्योतीराम डाव्या हातानं घास घेत होता. उरलेला अंगठा आणि करंगळी घेऊन उजवा हात मांडीवर पडून होता.

वर्षाली वाढता वाढता थांबली. "ज्योती, तू कुणाची भीड धरू नकोस. ह्यांच्या तोंडावर सांग, खरं काय ते."

ज्योतीराम गोंधळून एकदा बहिणीकडे, एकदा दाजींकडे बघू लागला. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी धनेशच बोलला.

"मीच केला तो सेन्सर बंद."

ज्योतीरामचा घास हातातच राहिला.

"सारखा मशीन थांबवत होता. माल निघत नव्हता, वरून साहेबाचे फोन. म्हटलं, तेवढ्या शिफ्टपुरता. तुला सांगितलंही नाही." ओठाच्या कडेनं रक्ताची लाळ ओघळली. त्यानं ती पुसली नाही. "आणि चौकशीत तुझं नाव घेतलं. माझी नोकरी गेली असती रे. तू काहीच केलं नव्हतंस ज्योती, काहीच. आता तुम्ही दोघं म्हणाल ते. पण वर्षा, तू अशी बघू नकोस. हे गेले काही दिवस मला सहन होत नाहीयेत."

वर्षालीच्या हातातल्या पळीतून आमटी फरशीवर ठिबकत होती.

"मी तर जेवणाचं विचारत होते," ती म्हणाली. "गुंगीत तुम्ही त्या नर्सना सांगत होतात, हिच्या हाताला चव नाही म्हणून."